धान्य असता उपासमार का होते?

(गावोगावच्या अभ्यासवर्गांसाठी एक धडा)

गेल्या उन्हाळ्यात पैठण तालुक्यातील एका खेड्यात सायंकाळच्या बैठकीस आम्ही गेलो होतो. बोलता बोलता दुष्काळाचा विषय निघाला. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "साहेब, पाऊस पाडणे माणसाच्या हाती नाही. तो नाही पडला तर उपाशी मरावे, दुसरे काय?" तेव्हा भिंतीशी बसलेल्या एक आजीबाई उत्तरल्या, "बाहत्तर साली तरी कुठं पडला व्हता? पर आमी मेलो न्हाई. खडी फोडली, सुकडी खाल्ली, अन् पोरं जगवली." त्यावर कोणीच काही बोलले नाही.

ह्या दोघांच्या बोलण्यात जो भेद आहे तोच आजच्या धड्याचा विषय होय. आपल्या लोकांत अवर्षण, दुष्काळ व उपासमार हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरण्याची सवय आहे. परंतु ते तीन वेगळे आहेत. अवर्षण म्हणजे पाऊस न पडणे. ते मनुष्याच्या हाती नाही. दुष्काळ म्हणजे पीक बुडणे. ते काही अंशी मनुष्याच्या हाती आहे, कारण ज्याच्या शेताला पाणी आहे त्याचे पीक बुडत नाही. उपासमार म्हणजे मनुष्याच्या मुखी घास न पडणे; आणि ती बहुतांशी मनुष्याच्याच करणीने येते व मनुष्याच्याच करणीने टळते. हे आमचे विधान कोणी आंधळेपणाने मान्य करू नये. त्याची साक्ष पुढे देत आहो, ती वाचकांनी तपासून पाहावी.

१. जगात धान्य किती आहे?

प्रथम साधा हिशोब करू. सांप्रत जगात गहू, तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी इत्यादि धान्ये मिळून वर्षास २८० कोटी टनांहून अधिक पिकतात. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या थोडी वर आहे. भागाकार केला असता दर मनुष्यास, तान्ह्या बालकासही धरून, दर दिवशी साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास धान्य येते. आपल्या घरच्या मापाने हे सात-आठ भाकरींचे पीठ झाले. ह्यात डाळी, कंदमुळे, भाजी, फळे, दूध व मासे धरलेले नाहीत.

असे असूनही संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली सुमारे ६७ कोटी लोक पोटभर अन्नावाचून होते. मग ते धान्य गेले कोठे? तिसऱ्या हिश्शाहून अधिक धान्य गुरे, डुकरे व कोंबड्या ह्यांच्या खाद्यात जाते, कारण श्रीमंत देशांस मांस व अंडी मुबलक हवी असतात. काही धान्यापासून मोटारींसाठी इंधन काढतात. आणि २०२२ ह्या एका वर्षात घरे, खानावळी व दुकाने ह्यांतून १०५ कोटी टन अन्न वाया गेले, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा अंदाज आहे. तात्पर्य, बाजारातील धान्य भूक पाहून चालत नाही, ते पैसा पाहून चालते. ज्याच्या गाठी पैसा त्याच्या दारी पोते. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता आपल्याच देशाच्या इतिहासाकडे वळू.

२. जुन्या दुष्काळांची साक्ष

१८७६ साली दख्खनात पाऊस गेला. मुंबई व मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थान ह्या सर्वांस त्याची झळ लागली व दोन वर्षांत पन्नास लाखांवर माणसे मेली. सरकारने दुष्काळी कामे काढली खरी, परंतु १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल ह्यांच्या सल्ल्याने मजुरी इतकी उतरविली की दिवसभर कष्ट करणाऱ्या मनुष्यास एक पौंड धान्य, म्हणजे अर्धा किलोहूनही कमी, आणि वर एक आणा इतकेच मिळू लागले. मुंबई इलाख्यात हजारो मजूर त्या कामांवरून उठून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांचे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडले. त्याच काळात आपल्या बंदरांतून गव्हाची जहाजे इंग्लंडास जात होती. पाऊस मनुष्याच्या हाती नव्हता, परंतु तो एक पौंड मनुष्यानेच ठरविलेला होता आणि ती जहाजेही मनुष्यानेच भरलेली होती.

१८९९-१९०० चा दुष्काळ तर आमच्या जिल्ह्याच्या खानेसुमारीतच दिसतो. १८९१ साली औरंगाबाद जिल्ह्याची वस्ती सुमारे ८ लाख २९ हजार होती. १९०१ साली ती सुमारे ७ लाख २१ हजार भरली. दर आठ माणसांतील एक नाहीसा झाला. कोणी मेले, कोणी देशोधडीस लागले. कोण गेले? वाड्यातील सावकार गेला नाही. ज्यास स्वतःची जमीन नव्हती, ज्याचे पोट दुसऱ्याच्या शेतातील कामावर होते, तो आधी गेला. पीक बुडाले की शेतमालकाचे धान्य कमी होते, पण मजुराचे कामच जाते. पुढल्या गल्लीत धान्याचे पेव भरलेले असले तरी ते विकत घेण्यास त्याजजवळ काही उरत नाही.

१९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळाने हीच गोष्ट अधिक उघड केली. त्यात वीस ते तीस लाख माणसे मेली. परंतु प्रोफेसर अमर्त्य सेन ह्यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात आकडे मांडून दाखविले की त्या वर्षीचा तांदळाचा पुरवठा १९४१ पेक्षा कमी नव्हता, आणि १९४१ साली तर दुष्काळ पडला नव्हता. मग झाले काय? युद्ध चालू होते. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती जाऊन तेथला तांदूळ थांबला होता. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्यावरच्या लोकांच्या होड्या काढून घेतल्या होत्या, म्हणून कोळ्यांचा धंदा बुडाला. प्रांतांनी एकमेकांस धान्य देणे बंद केले. व्यापाऱ्यांनी व धनिकांनी साठे केले. डिसेंबर १९४२ मध्ये तांदळाचा भाव मणास तेरा-चौदा रुपये होता, तो मे १९४३ मध्ये तीस रुपयांवर गेला, आणि मजुरी मात्र जेथल्या तेथे राहिली. कलकत्त्याच्या कारखान्यांतील कामगारांस स्वस्त धान्य मिळत असे म्हणून ते वाचले. खेड्यातील शेतमजूर, कोळी व न्हावी त्याच शहराच्या रस्त्यांवर येऊन मेले.

येथे एका जुन्या कथेची आठवण होते. मिसर देशातील योसेफाने सुबत्तेच्या सात वर्षांत धान्य साठविले व दुष्काळाच्या सात वर्षांत लोक वाचविले, हे आपल्या मुलांसही ठाऊक आहे. परंतु उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायातील पुढचा भाग आपल्या वर्गांत क्वचितच वाचला जातो. त्या धान्यासाठी लोकांनी आधी पैसा दिला, मग गुरे दिली, मग जमिनी दिल्या, आणि शेवटी ते स्वतःच फारोचे दास झाले. कोठार असणे ही एक गोष्ट आहे आणि त्या कोठाराची किल्ली कोणाच्या हाती आहे ही दुसरी. दोन्ही मनुष्यानेच ठरवावयाच्या आहेत.

३. बाहत्तर सालची परीक्षा

आता आजीबाईंच्या बोलण्याकडे येऊ. १९७० पासून लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्राच्या पठारावर पाऊस कमी पडला, आणि १९७२ साली तर तो गेलाच. राज्याचे धान्योत्पादन नेहमीच्या निम्म्यावर आले. औरंगाबाद जिल्हा अत्यंत पीडित जिल्ह्यांपैकी एक होता, आणि सांप्रतचा जालना जिल्हाही तेव्हा त्यातच मोडत असे. विहिरी आटल्या, कडबा संपला, दावणीची गुरे मातीमोल विकली गेली किंवा मेली. १८७६ साली किंवा १८९९ साली अशा अवस्थेत लक्षावधी माणसे मेली असती. परंतु ह्या वेळी तसे झाले नाही. लोकांचे अतोनात हाल झाले, पुष्कळ कुटुंबे कर्जात बुडाली, तथापि बंगालसारखे मरणाचे थैमान झाले नाही. हे का, ह्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

पहिले कारण काम. सरकारने गावोगाव दुष्काळी कामे काढली. खडी फोडणे, रस्ते करणे, पाझर तलाव खोदणे, नालाबांध घालणे, बांधबंदिस्ती करणे, अशी ती कामे होती. मे १९७३ मध्ये ह्या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्या वेळी ग्रामीण महाराष्ट्राची वस्ती साडेतीन कोटींच्या आत होती. म्हणजे दर सात माणसांत, लहान मुले धरूनही, एक मनुष्य दुष्काळी कामावर होता. त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. ज्या बाईने पूर्वी कधी स्वतःच्या नावे मजुरी घेतली नव्हती, तिचे नाव हजेरीपटावर चढले.

ह्या मजुरीने काय केले ते नीट समजून घ्यावे. स्वस्त धान्याच्या दुकानांतून जे मिळाले, त्यात परदेशाहून आणलेली तांबडी मिलो ज्वारीही होती, आणि मुलांस सुकडी वाटली गेली. परंतु तेवढ्याने सर्वांचे पोट भरणे शक्य नव्हते. मजुराच्या हाती रोख पैसा आला, म्हणून बाहेरच्या प्रांतांतील धान्य महाराष्ट्राकडे ओढले गेले. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धान्य नेण्यास तेव्हा निर्बंध होते. तरीही जेथे गिऱ्हाईक आहे तेथे माल येतोच. १९४३ साली बंगालच्या मजुराच्या हाती पैसा नव्हता म्हणून धान्य त्याच्यापासून दूर गेले. १९७३ साली तो होता म्हणून ते जवळ आले. शिवाय जे थोडे होते ते अधिक सारखे वाटले गेले. नेहमी जे पोटभर खात त्यांनी थोडे कमी खाल्ले आणि जे मेले असते ते जगले. अर्थशास्त्री ज्याँ द्रेझ ह्यांनी ह्या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांनी दाखविले की ज्या सुमारास आफ्रिकेच्या साहेल प्रदेशात दुष्काळाने माणसे मरत होती, त्या सुमारास दर माणशी धान्य महाराष्ट्रातच कमी होते.

दुसरे कारण आवाज. वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या, विधानसभेत प्रश्न विचारले गेले, मजुरांनी काम व मजुरी ह्यांसाठी मोर्चे काढले, आणि मुंबईत मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर ह्यांच्या पुढाकाराने स्त्रिया हाती लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. सरकारने ह्या लोकांस मते मागावयाची होती, म्हणून त्यास ऐकावे लागले. ह्याच्या उलट चीन देशात १९५९ ते १९६१ च्या दरम्यान कोट्यवधी माणसे उपाशी मेली. तेथे अधिकारी खोटी पिके कागदावर दाखवीत होते, आणि खरे बोलणाऱ्यास जागा नव्हती. भुकेची बातमी दडपणे हे भूक वाढविणेच होय.

तिसरे कारण नियम. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी अशी कल्पना मांडली होती की जो अंगमेहनतीचे काम मागेल त्यास ते देणे हे राज्याचे कर्तव्य असावे. तासगाव तालुक्यात १९६५ साली तिचा प्रयोग झाला, दुष्काळात तिचे मोल सर्वांस कळले, आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा होऊन तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्याच्या खर्चासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिक ह्यांवर कर बसविला. पुढे २००५ साली सर्व देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याचे मूळ ह्या आपल्या भूमीत आहे. पूर्वी जे काम सरकारच्या मर्जीने मिळे, ते आता मागणाऱ्याचा हक्क झाले. भीक व हक्क ह्यांत किती अंतर आहे हे आपल्या समाजास निराळे सांगावयास नको.

४. पीक सर्वत्र सारखे का येत नाही?

कोणी म्हणेल, "वाटपाचे हे खरे, पण पिकण्यातच भेद आहे, तो तर जमिनीचा गुण." ह्यातही अर्धेच सत्य आहे. पंजाबातील लुधियाना येथे वर्षास जो पाऊस पडतो आणि छत्रपती संभाजीनगर येथे जो पडतो, त्यांत फारसा फरक नाही. दोन्हीकडे तो सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. तरी पंजाबात गहू हेक्टरी साडेचार टनांच्या आसपास येतो आणि आमची ज्वारी एक टनाच्या आसपास. हिमालयाच्या नद्या व गाळाची जमीन ही पंजाबास निसर्गाने दिली, हे कबूल. पण भाक्रा धरण, कालवे, १९६२ चे लुधियानाचे कृषी विद्यापीठ, १९६५ साली स्थापन झालेले अन्न महामंडळ आणि ठरल्या भावाने गहू घेण्याची सरकारची हमी, हे सर्व मनुष्याचे निर्णय होत. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस असलेल्या आफ्रिकेत धान्य हेक्टरी सरासरी दीड टन आणि अमेरिकेत आठ टनांवर, ह्यातही बियाणे, खत, रस्ते, कोठारे, कर्ज व भाव ह्यांचा वाटा फार मोठा आहे.

आमच्या ज्वारीचेच पाहा. रेशनात गहू व तांदूळ आले, सरकारी खरेदीही मुख्यत्वे त्यांचीच झाली. ज्वारीस ना तसा भाव, ना तसे गिऱ्हाईक. शेतकऱ्याने कपाशी व सोयाबीन धरले. त्याचा दोष नाही. मुलाची फी ज्वारीने भागत नाही. परंतु ज्वारी गेली तेव्हा कडबा गेला, कडबा गेला तेव्हा गोठा रिकामा झाला, आणि ज्या मजुरास पूर्वी सुगीत मजुरीपोटी धान्य मिळत असे त्याच्या घरची कणगीही गेली.

५. पाणी कोणाचे?

पैठणच्या नाथसागराचा पाया लालबहादूर शास्त्री ह्यांच्या हस्ते १९६५ साली घातला गेला आणि १९७६ साली धरण पुरे झाले. पुष्कळ गावे त्यात बुडाली. तथापि त्या पाण्याचा वाटा हा आज तंट्याचा विषय आहे. वर नाशिक व अहिल्यानगरकडील धरणे भरली आणि खाली नाथसागर रिकामा राहिला, असे कित्येकदा झाले. २००५ साली पाण्याच्या न्याय्य वाटपाचा कायदा झाला, २०१४ साली जलसंपत्ती प्राधिकरणाने वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा आदेश दिला, आणि तो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला.

पण भांडण केवळ वरच्या व खालच्या गावांचे नाही. केंद्र सरकारच्या कृषी खर्च व किंमत आयोगाने म्हटले आहे की महाराष्ट्रात लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाचे सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी तोच पितो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, पहिल्या फेरीस पाच लाख लिटर. तोच लातूर जिल्हा साखर कारखान्यांसाठीही प्रसिद्ध आहे. ऊस लावणाऱ्यास आम्ही पापी म्हणत नाही. त्याच्या पिकास कारखाना आहे, ठरलेला भाव आहे, बँक कर्ज देते. तुरीस व ज्वारीस ह्यांतील काय आहे? व्यवस्थाच अशी असता शेतकरी तसाच वागणार. व्यवस्था मात्र आकाशातून पडलेली नाही.

६. आजची झाकलेली भूक

बाहत्तरसारखी उघडी उपासमार आज दिसत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांस माणशी पाच किलो धान्याचा हक्क मिळाला. परंतु २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने ठेंगणी आहेत, म्हणजे त्यांची वाढ खुंटलेली आहे. ही भूक ओरडत नाही. पोट भाताने भरते, पण डाळ, दूध, अंडे, भाजी ताटात नसते. गर्भार सून सर्वांच्या मागून, उरलेले खाते. शिधापत्रिकेवर नाव नाही म्हणून विधवेस दुकानदार परत पाठवितो. हे दिल्लीत किंवा मुंबईत घडत नाही. आपल्या गल्लीत, कधी आपल्याच चुलीजवळ घडते, आणि तेथे तरी किल्ली आपल्याच हाती आहे.

समारोप

त्या वृद्ध गृहस्थांस आम्ही त्या रात्री उत्तर दिले नाही, कारण आजीबाईंनी ते दिले होते. पाऊस मनुष्याच्या हाती नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण मजुरी किती द्यावी, कोठार कोणासाठी उघडावे, पाणी कोणत्या पिकास द्यावे, हजेरीपटावर कोणाचे नाव लिहावे आणि घरात कोणी आधी जेवावे, हे सर्व मनुष्याच्या हाती आहे. "हे दैवच" असे म्हणून जो गप्प बसतो, तो अशा निर्णयांत आपला वाटा दुसऱ्यास देऊन टाकतो. त्या रात्री घरी निघताना तेच गृहस्थ आम्हांस म्हणाले, "साहेब, आमच्या गावचा पाझर तलाव बाहत्तरचाच आहे. गाळानं भरलाय. काढायचा म्हटलं तर अर्ज कुणाकडं करायचा?" आम्हांस वाटते की धडा त्यांस कळला होता.

वर्गासाठी प्रश्न

उपदेशक बंधूंनी व बाईंनी पुढील प्रश्न वर्गात विचारावेत. उत्तरे घाईने देऊ नयेत, गावात चौकशी करून पुढच्या आठवड्यास आणावीत.

१. अवर्षण, दुष्काळ व उपासमार ह्यांतील भेद आपल्या गावचे उदाहरण घेऊन सांगा.

२. १९४३ साली बंगालात व १९७३ साली महाराष्ट्रात मजुराच्या हाती काय होते आणि काय नव्हते?

३. गावातील वृद्धांस बाहत्तर सालाविषयी विचारा. त्या वेळी झालेले कोणते रस्ते, बांध व तलाव आज आहेत, आणि त्यांची अवस्था काय आहे?

४. आपल्या वस्तीत कोणाचे नाव शिधापत्रिकेवर नाही? ते घालण्यासाठी त्यांच्याबरोबर तहसील कचेरीत कोण जाईल?

५. आपल्या घरी शेवटी कोण जेवते, आणि त्याच्या ताटात काय उरते?